ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल : कोणती घ्यावी आणि कोणत्या काडतुसाची?

संगमेश्वर_ते_कोलंबस (प्रश्न)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी ओहायो राज्यात, कोलंबसपासून जवळच राहतो. आमच्या गावच्या घरात माजघराच्या खुंटीला आजोबांची ठासणीची बंदूक असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हापासून आमच्या घरात शिकार हा केवळ आठवणींचा विषय राहिला, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. इथली परिस्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे इथे इतकी आहेत की राज्य सरकार दरवर्षी परवाने देऊन त्यांची संख्या आवरते, आणि मारलेले जनावर घरच्या स्वयंपाकात येते.

माझ्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची विंटन काउंटीत शेती आहे. मका आणि सोयाबीनचे दोन तुकडे आहेत आणि तिन्ही बाजूंनी ओक व हिकरीचे चढउताराचे रान आहे. मी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून परवानाही काढला आहे. गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होणाऱ्या बंदुकीच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर तीन दिवस नुसता बसून पाहिले. ते स्वतः शॉटगनमधून स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) वापरतात, परंतु त्यांच्या घरी त्यांच्या वडिलांची पेनसिल्व्हेनियात वापरलेली विंचेस्टर ९४ रायफल, थर्टी-थर्टी (.३०-३०) काडतुसाची, तेल लावून ठेवलेली आहे. ती हातात घेऊन लिव्हर, म्हणजे काडतूस नळीत नेणारी चापाभोवतीची दांडी, खाली-वर केली, आणि तेव्हापासून मला तशीच रायफल हवी आहे.

रानात बसण्याच्या दोन जागांवरून हरीण ४० ते ६० यार्डांवर येते, तर शेताच्या कडेवरून सर्वांत लांबचा नेम सुमारे १२० यार्डांचा पडेल. माझे वजन ५८ किलो आहे, चष्मा आहे, आणि रेंजवर हलक्या .२२ रायफलीखेरीज फारसे काही चालवलेले नाही. काचेसह (नेमाच्या दुर्बिणीसह) एकूण १,४०० डॉलरपर्यंत खर्च करता येईल. थर्टी-थर्टी घ्यावी की आणखी काही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

होकिंगचे_रान

तुमच्या मनात भरलेली रायफल ओहायोत हरणासाठी चालत नाही, म्हणून खरेदीपूर्वी विचारलेत हे फार बरे केलेत.

या राज्यात पूर्वी हरणाच्या बंदूक-हंगामात शॉटगन, पुढून भरायची बंदूक आणि ठरावीक पिस्तुले एवढीच हत्यारे चालत. २०१४ पासून रायफलींना परवानगी मिळाली, मात्र काडतुसाची पुंगळी (दारू भरलेले धातूचे आवरण) सरळ भिंतीची हवी आणि कॅलिबर, म्हणजे इंचांतला व्यास, .३५७ ते .५० च्या दरम्यान हवे, अशी अट आहे. थर्टी-थर्टीची पुंगळी बाटलीसारखी गळ्याशी निमुळती होते आणि तिची गोळी .३०८ इंच व्यासाची असते, म्हणजे ती दोन्ही अटींवर बाद होते. .३५ रेमिंग्टनच्या बाबतीत तर अनेकजण फसतात. तिचा व्यास पुरेसा आहे आणि पुंगळी लांबून सरळच दिसते, पण नीट पाहिले की तिला बारीकसा खांदा आहे, त्यामुळे तीही चालत नाही. आणखी एक नियम लक्षात ठेवा : नळी आणि मॅगझिन (काडतुसे साठवणारा भाग) मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसे भरलेली नसावीत. लिव्हर रायफलच्या नळीवजा मॅगझिनमध्ये आठ-दहा सहज मावतात, म्हणून भरताना मोजूनच भरावीत. खाजगी जमिनीवर शिकार करताना मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. सहकाऱ्याचे सासरे असले तरी ती घ्याच.

आता निवड उरते ती .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .३६० बकहॅमर आणि .४५-७० यांतून.

.३५७ चा मी विचार करणार नाही. रायफलच्या नळीतून १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास जाते आणि पन्नास यार्डांत योग्य जागी बसली तर हरीण पडते. पण ही काडतुसे मुळात पिस्तुलासाठी बनवलेली असतात, आणि पोकळ टोकाची गोळी रायफलच्या वेगाने आदळली की कधीकधी खोलवर जाण्याआधीच फुटून जाते. नवख्या माणसाने चुकीला जागा ठेवणारे काडतूस घ्यावे, आणि हे तसे नाही.

.४४ मॅग्नम १९५५ पासून आहे. २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी नळीतून १,७५० फूट वेगाने निघते आणि शंभर यार्डांवर तिचा वेग १,४०० च्या खाली येतो. रायफलीचा नेम शंभर यार्डांवर जुळवून ठेवला, तर १५० वर गोळी सुमारे सहा इंच खाली लागते आणि २०० वर जवळजवळ दीड फूट. म्हणजे शंभरापर्यंत ती अत्यंत विश्वासू आहे, सव्वाशेला नेम धरणाऱ्याला अंतर ठाऊक असले पाहिजे, आणि त्यापुढे तिचे काम नाही.

.३६० बकहॅमर हे २०२३ मध्ये रेमिंग्टनने आणलेले काडतूस. थर्टी-थर्टीचीच पुंगळी घेऊन, गळा काढून टाकून ती सरळ केलेली आहे. २०० ग्रेनची गोळी २,२०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे तुम्हाला थर्टी-थर्टीकडून जे हवे होते ते जवळजवळ सगळे इथे कायद्यात बसून मिळते. हेन्री कंपनीची लिव्हर रायफल त्यात मिळते. दीडशे यार्डांपर्यंत तुम्हाला फारसा हिशेब करावा लागणार नाही.

माझे मत : शेताच्या कडेवर बसणार असाल तर .३६०, रानातच बसणार असाल तर .४४.

जुना_मार्लिनवाला (पेनसिल्व्हेनिया)

काडतुसाविषयी वर योग्य सांगितले आहे. मी रायफलीविषयी लिहितो, कारण लिव्हर-अ‍ॅक्शनची काही वैशिष्ट्ये बोल्ट रायफल (मागची कडी ओढून भरायची) वापरणाऱ्याला सांगूनही लगेच समजत नाहीत.

पहिली गोष्ट मॅगझिनची. नळीखालच्या नळीत काडतुसे एकामागे एक ओळीने असतात, म्हणजे मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी, नेमके प्राइमरवर (ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने प्राइमर पेटून मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणूनच या रायफलींत चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्या वापरतात. हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणारे टोक बसवलेली लेव्हरेव्होल्यूशन ही काडतुसे काढली, तेव्हा टोकदार गोळी या मॅगझिनमध्ये सुरक्षितपणे घालता येऊ लागली. दुकानात स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही काडतूस उचलू नका. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा आणि टोक हाताने तपासा.

दुसरी गोष्ट दुर्बिणीची. जुनी विंचेस्टर ९४ रिकामी पुंगळी वरच्या बाजूने बाहेर फेकते, त्यामुळे तिच्यावर मध्यभागी स्कोप बसत नाही; १९८२ पासूनच्या नमुन्यांत पुंगळी तिरपी बाहेर पडते. मार्लिन कंपनीच्या रायफलीची पाठ भरीव आहे आणि पुंगळी उजवीकडून निघते. तुम्हाला चष्मा आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची वेळ असते, आणि नेमके त्याच वेळी हरीण रानातून बाहेर येते. करड्या खोडांच्या पार्श्वभूमीवर करड्या अंगाचे जनावर, आणि मधे नळीवरचा नेमाचा बारीक मणी : चाळिशीनंतरच्या डोळ्यांना हे जमत नाही. कमी शक्तीची, एक ते चार किंवा दोन ते सात पटींची काच घ्या. तिच्यापेक्षा मोठी काच या रायफलीचा सुरेख तोल बिघडवते. स्कोप बसवल्यावर घोड्यापर्यंत (काडतुसावर ठोका मारणाऱ्या, अंगठ्याने मागे ओढायच्या भागापर्यंत) अंगठा पोहोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूने जोडायची छोटी दांडी मिळते, ती त्याच दिवशी बसवून घ्या.

तिसरी गोष्ट घोड्याची, आणि ती मी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात, उणे आठ तापमानात, एक मादी चढावर थांबली म्हणून मी घोडा चढवला. ती वळून निघून गेली. मी जाड हातमोजा न काढता चाप दाबून घोडा हळूच उतरवायला गेलो, आणि तो अंगठ्याखालून निसटला. नळी माझ्या बुटापासून दोन फुटांवर जमिनीकडे होती. गोळी पालापाचोळ्यात शिरली, माती माझ्या गुडघ्यापर्यंत उडाली, आणि कानात बराच वेळ आवाज घुमत राहिला. नळी जमिनीकडे धरायची सवय लावणाऱ्या माझ्या पहिल्या शिक्षकाचे मी त्या क्षणी मनोमन आभार मानले. तेव्हापासून माझा नियम असा आहे : घोडा उतरवायचा तर हातमोजा काढून, उघड्या अंगठ्याने, नळी मऊ जमिनीकडे धरून, आणि बोटे बधिर झाली असतील तर घोडा उतरवायचाच नाही, लिव्हर उघडून काडतूस बाहेर काढायचे.

रिकामी करण्याची पद्धतही पाहून घ्या. बाजूच्या झडपेतून भरायच्या बहुतेक रायफली रिकाम्या करताना प्रत्येक काडतूस लिव्हरने नळीत नेऊन बाहेर काढावे लागते. हेन्रीच्या अनेक नमुन्यांत बाजूची झडपही आहे आणि मॅगझिनची आतली नळी ओढून काडतुसे थेट हातात ओतूनही घेता येतात. दिवसभर थंडीत बसून थकलेल्या माणसासाठी मला ही सोय फार मोलाची वाटते.

मावळतीचा_डोंगर

.४५-७० विषयी नावापलीकडे कोणीच काही लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. १८७३ पासूनचे काडतूस आहे, ओहायोच्या नियमात बसते, आणि ३०० ग्रेनची गोळी १,८५० फुटांच्या आसपास जाते. मार्लिन १८९५ मी चार वर्षे वापरतो आहे आणि माझ्या हातून एकही हरीण जखमी होऊन निसटलेले नाही. मोठे भोक, मोठा रक्ताचा माग, शोधणे सोपे.

होकिंगचे_रान

आपल्या अनुभवाचा आदर आहे, आणि तिच्या ताकदीविषयी वादच नाही. माझा आक्षेप प्रश्न विचारणाऱ्याच्या खांद्यापुरता आहे. त्या ३०० ग्रेनच्या काडतुसाचा धक्का थर्टी-थर्टीच्या साधारण दुप्पट बसतो. ५८ किलोच्या, .२२ वरून थेट इथे येणाऱ्या माणसाने तिच्यातून दहा गोळ्या झाडल्या की अकराव्या गोळीला चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात आणि खांदा पुढे ढकलला जातो. ही सवय एकदा शरीरात भिनली की निघायला वर्षे लागतात, आणि तिची किंमत हरीण मोजते : गोळी काळजाऐवजी पोटात लागते, जनावर रात्रभर कुठेतरी झाडोऱ्यात पडून तडफडते. हलक्या भाराची ४०५ ग्रेनची जुन्या धर्तीची काडतुसे मिळतात, तीही हरणाला पुरेशी आहेत, परंतु १,३३० फुटांच्या वेगाने जाणाऱ्या त्या गोळीची घसरण .४४ पेक्षाही लवकर सुरू होते. मग एवढी जड रायफल वाहण्यात अर्थ काय?

हरणाच्या छातीतला जीवघेणा भाग साधारण आठ इंचांचा असतो. त्यात रोज, थंडीत, धाप लागलेली असताना गोळी बसवता येईल असे काडतूस हेच मोठे काडतूस.

मावळतीचा_डोंगर

खांद्याचा मुद्दा मान्य आहे. मी ९० किलोचा आहे आणि आधी बारा बोअरची स्लग वापरत होतो, हे लिहायला हवे होते.

नवी_पहाट_२४

विषयाशी निगडित एक प्रश्न. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येते का? दोन मित्रांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली.

जुना_मार्लिनवाला (पेनसिल्व्हेनिया)

दोघांचेही उत्तर अर्धे बरोबर असावे. संघराज्याच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे, पण त्याला काही अपवाद आहेत. त्यांतला आपल्या लोकांना लागू पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार-परवाना. तो आधी काढा. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, आणि तिथे परवाना दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. म्हणून मुदतीची तारीख व्हिसाच्या तारखेइतकीच जपा, आणि खरेदीपूर्वी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

संगमेश्वर_ते_कोलंबस

सर्वांचे मनापासून आभार. मला ग्रीन कार्ड मिळाले आहे, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. थर्टी-थर्टी मनातून काढायला दोन दिवस लागले हे मोकळेपणाने सांगतो.

.३६० आणि .४४ यांत अजून मन डळमळते आहे. दुकानात हेन्री .३६० आणि रुगरने बनवलेली नवी मार्लिन १८९४, .४४ मध्ये, अशा दोन्ही हातात घेतल्या. मार्लिन हलकी आणि आखूड आहे, खांद्याला लावली की नजर आपोआप जागेवर येते. परंतु शेताच्या कडेवरचे ते १२० यार्ड डोळ्यांसमोरून जात नाहीत. जुनी, वापरलेली मार्लिन १८९४ एका माणसाकडे कमी किमतीत मिळते आहे, ती घ्यावी का, हेही सांगावे.

होकिंगचे_रान

जुनी घ्यायची तर नळीवर ‘जेएम’ असा शिक्का आहे का ते पाहा; तो मार्लिनच्या मूळ नॉर्थ हेवन कारखान्याची खूण आहे आणि लोक ती शोधत असतात. २०२० मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतल्यावर उत्पादन नॉर्थ कॅरोलिनात गेले. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या : जुन्या .४४ नळ्यांत गोळीला फिरवणाऱ्या आतल्या आट्यांचा पीळ ३८ इंचांत एक फेरा इतका मंद होता. २४० ग्रेनच्या गोळीला तो पुरतो, पण तीनशे ग्रेनच्या जड गोळ्या त्यात स्थिर फिरत नाहीत आणि लक्ष्यावर विखुरतात. तुम्हाला २४० चीच गरज आहे, म्हणून ही उणीव तुमच्या आड येणार नाही. नळीतून कापडाचा बोळा फिरवून पाहा, लिव्हर वीस वेळा चालवा, सरावाची, दारू नसलेली काडतुसे एकेक करून भरून काढा. काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीशी अडखळत असेल तर सोडून द्या.

.४४ च्या बाजूने एक मुद्दा मी आधी लिहायला विसरलो, आणि तुमच्यासाठी तोच कदाचित सर्वांत मोठा आहे. .४४ मॅग्नमच्या रायफलीत .४४ स्पेशलची काडतुसे चालतात. पुंगळी किंचित आखूड, दारू कमी, धक्का इतका सौम्य की संध्याकाळी रेंजवर पन्नास झाडूनही खांदा दुखत नाही. काही रायफलींत आखूड काडतूस वर येताना अडते, म्हणून आधी करून पाहा. जमले, तर उन्हाळाभर स्पेशलवर सराव आणि ऑक्टोबरपासून मॅग्नमवर, अशी वाट तुम्हाला मोकळी आहे. .३६० मध्ये अशी हलकी काडतुसे दुकानात मिळत नाहीत.

सरावासाठी कागदी जेवणाची थाळी घ्या, आठ-नऊ इंचांची. पंचवीस यार्डांवर बसून पाच गोळ्या, सगळ्या थाळीत बसल्या तर पन्नासवर, मग पंचाहत्तरवर. टेबलावर पोत्याला टेकून नव्हे. मांडी घालून, गुडघ्यावर कोपर टेकवून, जसे रानात बसणार तसे. ज्या अंतरावर पाचातली एक गोळी थाळीबाहेर जाते, त्याच्या अलीकडे तुमची शिकारीची हद्द संपते, रायफल कोणतीही असो.

संगमेश्वर_ते_कोलंबस

काल निर्णय झाला. नवी मार्लिन १८९४, .४४ मॅग्नम घेतली, काच दोन ते सात पटींची. बजेटपेक्षा थोडे अधिक गेले. सहकाऱ्याच्या सासऱ्यांना सगळी चर्चा वाचून, भाषांतर करून सांगितली. त्यांनी शेताच्या कडेची जागा स्वतःकडे ठेवली आणि रानातली ओढ्यावरची जागा मला दिली. लेखी परवानगीचा कागद त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लगेच लिहून दिला.

आज दुपारी त्या जागेवर बसून मी अंतरे मोजली. ओढ्यापलीकडचा आडवा पडलेला ओक ४५ यार्डांवर आहे, हरणांची वाट जिथे कुंपणाला मिळते ते ठिकाण ७०, आणि जिथपर्यंत काही दिसू शकते ते शेवटचे बीचचे झाड ८५. तिन्ही ठिकाणी फांदीला नारिंगी फीत बांधली आहे. बीचच्या झाडापर्यंत थाळीत पाच गोळ्या बसतील तेव्हाच त्या फितीपलीकडे पाहीन. सध्या पन्नासवर चार बसतात.

जुना_मार्लिनवाला (पेनसिल्व्हेनिया)

पन्नासवर चार म्हणजे तूर्त तुमची हद्द तो पडलेला ओक. पाचवी गोळी कुठे जाते ते कळवा. नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर चाप बोटाच्या टोकाने न दाबता पेराच्या मऊ भागाने दाबून पाहा.